हेल्मेटची काच घासताना

मैत्रिणींनो, गेल्या खेपेला लोणच्याच्या बरण्यांचं पुराण लावलं होतं. ह्या वेळी स्वयंपाकघरातून जरा बाहेर, दारामागच्या खुंटीपाशी येऊ या. तिथं हेल्मेट टांगलेलं असतं. घरातली प्रत्येक वस्तू पुसणाऱ्या आपण, पण ह्या वस्तूकडे एक तर लक्षच देत नाही, नाही तर माझ्यासारखं नको तितकं देतो.

आम्ही राहतो वाईला आणि ह्यांची नोकरी पाचगणीला. म्हणजे रोज सकाळी मोटारसायकलवरून पसरणीचा घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा. गेल्या आषाढात एका रविवारी मी घरातले आरसे आणि खिडक्यांची तावदानं पुसायला काढली. हातासरशी ह्यांचं हेल्मेटही घेतलं. काचेवर चिखलाचे ठिपके वाळलेले, चिलटं चिकटलेली. निघेनात म्हणून भांड्यांची हिरवी घासणी फिरवली, वरून आरशाचं निळं पाणी फवारलं आणि पुसून टाकलं. दिवसाउजेडी काच छान दिसत होती. मी आपली शाबासकीची वाट बघत बसले!

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी साडेसातला घरी येणारे हे साडेनऊ वाजले तरी आले नाहीत. बाहेर धो धो पाऊस. फोन वाजत होता, उचलत नव्हते. मुलांना जेवायला वाढलं, पण माझा सगळा कान फाटकाकडे. आले ते नखशिखान्त भिजून. ‘चहा टाक’ एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी हळूहळू सांगितलं. उतरताना समोरून बस आली, तिच्या दिव्यांचा उजेड काचेवर असा काही फुटला की समोर नुसत्या पांढऱ्या रेषा. आणि पुढं वळणावर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नाही. चार हातांवर आल्यावर दिसली. गाडी कशीबशी कडेला घेतली, आणि राहिलेला घाट काच वर करून, पावसाचा मारा डोळ्यांवर घेत, पायी चालल्यासारख्या वेगानं उतरले.

मी हेल्मेट उचलून दिव्याखाली धरलं. काचभर गोल गोल बारीक चरे! माझ्याच हाताचे. पोटात गोळाच आला. ‘काच खराब झालीय, बदलून आणते,’ म्हटलं आणि दुकान गाठलं.

दुकानदार हसून म्हणाला, “बाई, आपण काच म्हणतो, पण ही काच नव्हेच.” खरंच की! ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक असतं. आपटलं तरी काचेसारखे तुकडे होत नाहीत, म्हणून ते वापरतात. पण ते काचेपेक्षा मऊ. बहुतेकांवर चरे न पडण्यासाठी एक पातळ लेप दिलेला असतो, तो घासणीनं निघतो. आरशाच्या पाण्यात पुष्कळदा अमोनिया असतो, तोही ह्या प्लॅस्टिकला मानवत नाही. रॉकेल, पेट्रोल, थिनर तर जवळही आणू नका. हेल्मेटच्या आत जो थर्मोकोलसारखा थर असतो, तोही पेट्रोल-थिनरनं विरघळतो. टूथपेस्टनं चरे जातात असं आमच्या शेजारच्या वहिनी सांगतात. टूथपेस्ट म्हणजे बारीक पावडरच. चरे जात नाहीत, वाढतात.

आता मी काय करते ते सांगते. जुन्या सुती साडीचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून काचेवर दहा मिनिटं नुसता पसरून ठेवते. चिखल, किडे आपोआप सुटतात. मग साध्या पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकून बोटांनी हळूच धुते, भरपूर पाण्यानं खळबळते आणि दुसऱ्या मऊ फडक्यानं टिपून घेते. पुसायचं नाही, टिपायचं. पदरानं किंवा ओढणीनं कोरडी काच पुसायची सवय तर आपल्या सगळ्यांनाच आहे. त्या पदरावरची धूळच चरे पाडते. आणखी एक, डोक्याला तेल लावून त्याच हातानं हेल्मेट उचलू नका. तेलाचा हात काचेला लागला की पावसाचं पाणी तिथं फाकतं आणि दिव्याचा उजेड पसरतो.

हे झालं बाहेरून. आतून काचेवर वाफ धरते, ते दुखणं वेगळं. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी ते मला भाताच्या झाकणावरून समजावलं (मी मराठीची, मला असंच समजतं). तोंडातली वाफ गरम, पावसानं काच गार, मग झाकणाला पाणी धरतं तसे बारीक थेंब काचेला धरतात. घाट चढू लागलं की हवा आणखी गार, म्हणून वरच्या वळणांवर जास्त त्रास. काच एक खाच वर ठेवायची, हनुवटीजवळची झडप उघडी ठेवायची, म्हणजे वाफेला वाट मिळते. मी स्कूटरवरून शाळेत जाते तेव्हा नाकातोंडावर घट्ट स्कार्फ बांधायचे. श्वास सगळा वर जायचा, चष्मा आणि काच दोन्ही एकदम आंधळे! आता स्कार्फ नाकाखाली घेते.

दुसरा उपाय लहान मुलांच्या शाम्पूचा. ओल्या फडक्यावर एकच थेंब घेऊन काचेला आतून लावायचा, वाळू द्यायचा, आणि आरपार स्वच्छ दिसेपर्यंत कोरड्या मऊ फडक्यानं हलकेच फिरवायचं. मग थेंब सुटे न राहता त्यांचा एकच पातळ पापुद्रा होतो आणि त्यातून दिसतं. हा उपाय फार टिकत नाही, दर एक-दोन दिवसांनी पुन्हा करावा लागतो. थेंबभरच घ्या, जास्त झालं तर पावसाच्या पाण्याबरोबर डोळ्यांत उतरतं. मात्र काचेला आतून वाफ न धरणारा लेप कारखान्यातूनच दिलेला असेल तर हे करू नका. आतून बसवायची दुसरी पातळ काचही मिळते, पिनलॉक म्हणतात तिला. दोन काचांमध्ये हवा कोंडते आणि वाफ धरत नाही. पण ती बसवायला मूळ काचेला खुंट्या असाव्या लागतात.

हेल्मेटचं अस्तर ओलं असेल तर वाफ दुप्पट धरते. रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा. गॅसच्या शेगडीजवळ नको.

आणि चरे पडले असतील तर कंजूषपणा न करता काच बदला. हेल्मेट नवं घ्यावं लागत नाही, त्याच बनावटीची नुसती काच मिळते. पांढरीच घ्या. काळी काच दिवसा झोकात दिसते, पण पावसाळी संध्याकाळी तिच्यातून काय दिसणार! नवं हेल्मेटच घेणार असाल तर आयएसआयचा शिक्का पाहून घ्या. 1 जून 2021 पासून त्याशिवाय विकायला बंदी आहे, तरी रस्त्याकडेला टोपल्यांत काहीबाही दिसतंच.

हा मजकूर पाठवण्याआधी ह्यांना वाचायला दिला. घासणीची गोष्ट मी त्यांना तोपर्यंत सांगितलीच नव्हती. वाचून झाल्यावर कागद खाली ठेवून ‘तरीच!’ म्हणाले. जरा वेळानं पुन्हा म्हणाले, “आरसे मात्र त्या दिवशी छान निघाले होते.”