पिठाचें दूध

द्रोणाचार्यांच्या घरच्या दारिद्र्याची कथा आपल्याकडे लहान मुलांनाहि ठाऊक असते. अश्वत्थाम्यास दूध म्हणून पाण्यांत कालवलेलें पीठ मिळालें, आणि खरें दूध कसें असतें हें त्या बालकास माहीत नसल्यामुळें तें पिऊन तो आनंदानें नाचूं लागला. या कथेंत घरच्यांस दोष देण्याजोगें कांहीं नाहीं. कारण त्या घरांत दूध नव्हतेंच. परंतु ज्या घरांत दुभतें भरपूर आहे, तेथील वडील माणसें मुलाला पिठाचें पाणी पाजूं लागलीं, आणि वर ‘पाहा, मूल कसें नाचतें आहे !’ म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेऊं लागलीं, तर त्यांस काय म्हणावें ? अमेरिकेंतील शाळांच्या व गांवोगांवच्या हौशी मंडळींच्या जॅझ-ताफ्यांसाठीं चिजा ज्या रीतीनें निवडल्या जातात, ती पाहून आम्हांस हाच प्रश्न पडतो.

विषय वाचकांस थोडा दूरचा वाटेल, म्हणून दोन शब्द खुलाशाचे. जॅझचा मोठा ताफा, ज्याला तिकडे ‘बिग बँड’ म्हणतात, तो सुमारें सतरा वादकांचा असतो : पांच सॅक्सोफोन, चार ट्रंपेट, चार ट्राँबोन, आणि पियानो, गिटार, बास व ड्रम हे लय सांभाळणारे चौघे. इतक्या माणसांनीं एकाच वेळीं मनास येईल तें वाजविलें तर गोंगाट होईल. म्हणून कोणीं काय व केव्हां वाजवावयाचें हें कागदावर लिहून ठेवावें लागतें. या लेखी योजनेस ‘अरेंजमेंट’ म्हणतात. आम्ही तिला ‘मांडणी’ म्हणूं. ही विद्या आपणांस अगदींच परकी नाहीं. गोव्यांतील चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेले वादक मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवीत व पुढें चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास बसत. ‘चिक चॉकलेट’ या नांवानें प्रसिद्ध असलेले अंतोनियो झेवियर वाझ हे सी. रामचंद्र यांचे साहाय्यक होते. सेबॅस्टियन डिसूझा हे शंकर-जयकिशन यांच्या चाली वाद्यवृंदासाठीं मांडून देत. ‘अलबेला’ (१९५१) चीं गाणीं ज्यांच्या ओठांवर आहेत, त्यांनीं मांडणीचें फळ चाखलेलें आहे. झाडाचें नांव तेवढें विचारलेलें नाहीं. शिवाय आज कित्येक मराठी कुटुंबांचीं मुलें अमेरिकेंत शाळेस जातात व त्यांतलीं कांहीं शाळेच्या ताफ्यांत वाजवितात. तेव्हां हा प्रश्न आमच्या घरांतलाहि आहे.

अशाच एका शाळेच्या कार्यक्रमास आम्ही गेलों होतों. आमच्या भाचीची चौदा वर्षांची मुलगी तेथें तिसरा ट्राँबोन वाजविते. पहिली चीज एका गाजलेल्या चित्रपटगीताची ‘सोपी’ मांडणी होती. दुसरी स्पर्धेसाठीं बसविलेली, अत्यंत द्रुत. तींत पहिला ट्रंपेटवाला मुलगा चेहरा लाल होईपर्यंत वरच्या स्वरांशीं झुंजत होता, आणि आमची नात ओळीनें विश्रांतीच्या मात्रा मोजीत बसली होती. मध्यें एकदां तिला एकटीनें वाजविण्याची पाळी आली. पण तो भागहि आयता छापलेलाच होता, तो तिनें वाचून दाखविला. टाळ्या भरपूर पडल्या. घरीं परततांना आम्हीं सहज म्हटलें, “बाळ, तुझा भाग जरा गुणगुणून दाखव पाहूं.” ती गोंधळली. चार महिन्यांच्या तालमीनंतर स्वतःच्या भागांतले चार स्वरहि तिला आठवेनात. “मामाआजोबा,” ती म्हणाली, “माझ्या भागात गाणं नसतंच.”

आमच्या वादाचें बीज त्या एका वाक्यांत आहे. मांडणी निवडतांना शिक्षकाचा पहिला प्रश्न ‘ही किती सोपी ?’ हा नसावा, आणि ‘ही किती अवघड ?’ हाहि नसावा. ‘शेवटच्या खुर्चीवरील मुलाच्या पदरांत हिच्यांतून काय पडेल ?’ हाच त्याचा पहिला प्रश्न असला पाहिजे.

मांडण्या विकणारे प्रकाशक त्यांवर अवघडपणाचा आंकडा छापतात. एक म्हणजे नवशिक्यांसाठीं. पांच किंवा सहा म्हणजे पट्टीच्या वादकांसाठीं. व्यवहारांत हा आंकडा उपयोगी आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. चपला घेतांनाहि माप पाहावें लागतेंच. परंतु चपलेचें माप तिच्या कातड्याची जात सांगत नाहीं. हा आंकडाच जे गुणवत्तेचा दाखला समजून चालतात, त्यांच्या हातून दोन परस्परविरुद्ध चुका होतात.

पहिली चूक, ‘सोपें आहे ना, मग निःसत्त्व असलें तरी चालेल’ असें मानण्याची. नवशिक्यांच्या कित्येक मांडण्यांत चाल काय ती पहिल्या ट्रंपेटकडे व पहिल्या सॅक्सोफोनकडे. बाकीच्यांच्या हातीं लांबच लांब भरणीचे स्वर. विचारावें तर उत्तर मिळतें कीं, मुलें अजून लहान आहेत. आम्ही म्हणतों, आमच्याकडील गवय्यास विचारा. तो नवशिक्यास प्रथम भूप देतो, यमन देतो. बंदिश लहान देतो, ताना देत नाहीं. पण राग खोटा देत नाहीं. जो यमन बारा वर्षांचा मुलगा शिकतो, तोच यमन साठाव्या वर्षीं मैफलींत तासभर गाइला तरी पुरून उरतो. सोपेपणा निराळा आणि पोकळपणा निराळा.

जॅझमध्यें असे भूप-यमन नाहींत काय ? ड्यूक एलिंग्टन यांची ‘सी जॅम ब्लूज’ (१९४२) ही चीज घ्या. तिची मूळ चाल अवघ्या दोन स्वरांची आहे. दोन स्वर, बारा मापांचें ब्लूजचें आवर्तन, आणि मधल्या मोकळ्या जागेंत एकेकानें आपापलें म्हणणें मांडावयाचें ! किंवा काउंट बेसी यांची ‘वन ओ’क्लॉक जंप’ (१९३७) घ्या. ही मांडणी आधीं कागदावर लिहिलेली नव्हतीच. ताफ्यांतील वादकांनीं वाजवितां वाजवितां ती जुळविली. तिच्या शेवटीं सॅक्सोफोन एक लहानसें वाक्य पुन्हां पुन्हां म्हणतात, ट्राँबोन दुसरें म्हणतात, ट्रंपेट त्यांस उत्तर देतात. यांतलें प्रत्येक वाक्य मुलास घरीं जातांना गुणगुणतां येतें. या घरांत दूध आहे, असें आम्ही म्हणतों तें या आधारावर.

दुसरी चूक याच्या उलट : ‘अवघड तेवढें थोर’ असें मानण्याची. स्पर्धेच्या दिवशीं परीक्षकांचे डोळे दिपावे म्हणून शिक्षक आपल्या मुलांच्या आवांक्याबाहेरची मांडणी उचलतो, आणि सहा महिने तिच्याच पायऱ्या चढण्यांत घालवितो. ट्रंपेटच्या वरच्या स्वरांसाठीं ओठांचे स्नायू तयार व्हावे लागतात. तें काम वर्षांचें आहे, महिन्यांचें नव्हे. अशा ताफ्यांत एकटा तयार मुलगा सगळ्यांचें ओझें वाहतो आणि बाकीचे सोळा त्याचे साक्षीदार होतात. तानबाजीस संगीत समजणाऱ्या आपल्याकडील श्रोत्यांपेक्षां ही समजूत फारशी निराळी नाहीं.

वास्तविक खरें अवघड कशांत असतें, हें नील हेफ्ती यांच्या ‘लिल डार्लिन’ या चिजेंत पाहावें. बेसींच्या ताफ्यानें ती १९५७ सालीं ध्वनिमुद्रित केली. तींत धांवणारे स्वर नाहींत. कागद पाहून कोणीहि म्हणेल कीं, हें पोरवयाचें काम आहे. पण तिची लय इतकी संथ आहे कीं, सर्वांनीं एकमेकांचा श्वास ऐकल्यावांचून ती उभी राहत नाहीं. अधीर ताफा दहाव्या मापापर्यंत पुढें पळालेला असतो. चार महिने ही एकच चीज बसविणाऱ्या मुलांस जें ऐकावयास शिकतां येईल, तें दहा द्रुत चिजा आपटून येणार नाहीं. आणि शेवटच्या खुर्चीचा मान कोणता, हें पाहावयाचें असेल तर त्याच ताफ्यांतील गिटारवादक फ्रेडी ग्रीन यांच्याकडे पाहावें. १९३७ पासून १९८७ सालीं मृत्यु येईपर्यंत, जवळ जवळ पन्नास वर्षें, ते त्या ताफ्यांत मापाचे चार ठोके वाजवीत राहिले. एकट्यानें पुढें येऊन त्यांनीं क्वचितच वाजविलें. तरी त्यांच्यावांचून ताफा चालला नसता.

यावर एक आक्षेप हमखास येतो : ‘एलिंग्टन-बेसींचें संगीत कसलेल्या उस्तादांसाठीं लिहिलेलें, तें मुलांस कसें झेपावें?’ आक्षेपांत तथ्य आहे. त्यांच्या कित्येक चिजा मुलांच्या हातीं देऊं नयेत, हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु सगळेंच झेपत नाहीं यावरून कांहींच झेपत नाहीं असें ठरत नाहीं. न्यूयॉर्कच्या ‘जॅझ ॲट लिंकन सेंटर’ या संस्थेनें गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत एलिंग्टन यांच्या मांडण्या ध्वनिमुद्रिकांवरून काळजीपूर्वक उतरवून शाळांस विनामूल्य पुरविण्यास आरंभ केला. शाळांचीं मुलें त्या वाजवितात आणि चांगल्या वाजवितात. तसेंच, मुलांसाठीं मुद्दाम लिहिलेलें सगळें पीठच असतें, असेंहि आम्ही म्हणत नाहीं. सॅमी नेस्टिको यांनीं बेसींच्या ताफ्यासाठीं लिहिलें आणि त्याच हातानें शाळांसाठींहि लिहिलें. सोपें लिहिणें हा गुन्हा नव्हे. हात कोणाचा आहे हें पाहावयाचें.

आतां त्या छापील एकल भागाविषयीं. जॅझचा प्राण वादकाच्या तात्कालिक स्फूर्तींत आहे. प्रकाशक नवशिक्याच्या सोईसाठीं एक नमुना छापतो, तो आधार म्हणून. पण आधाराची काठी कायमचा पाय होऊन बसते. वहींतला आलाप वाचून दाखविणाऱ्यास आपण गवई म्हणत नाहीं. मांडणींत मोकळी जागा असावी, ती पुन्हां पुन्हां घेतां यावी, आणि पहिल्या वर्षाच्या मुलानेंहि तेथें आपले तीन स्वर कां होईना, पण आपले म्हणून वाजवावे. तो चुकेल. चुकूं द्यावा. परीक्षकांसमोर चुकूं नये म्हणून ज्या मुलाला बोलूंच दिलें नाहीं, तें मूल मुकें राहिलें तर दोष कोणाचा ?

गांवच्या हौशी ताफ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथें निवृत्त मास्तर, दुकानदार, डॉक्टर आठवड्यांतून एकदां जमतात. श्रोत्यांना ग्लेन मिलर यांच्या ‘इन द मूड’ (१९३९) सारख्या ओळखीच्या चाली हव्या असतात. त्या द्याव्या, त्यांत कमीपणा नाहीं. पण या ताफ्यांत बहुधा सॅक्सोफोन सात आणि ट्राँबोन एक, अशी स्थिति असते. आणि साठीच्या ओठांना सलग तीन चिजांत वरचे स्वर पेलत नाहींत. येथें एलिंग्टन यांचा धडा उपयोगी पडतो. त्यांच्या हस्तलिखित भागांवर ‘दुसरा ट्रंपेट’ असें न लिहितां त्या वादकाचें नांव लिहिलेलें आढळतें. ते वाद्यासाठीं लिहीत नसत, माणसासाठीं लिहीत. ट्रंपेटवादक कूटी विल्यम्स यांच्यासाठीं रचलेल्या १९४० च्या चिजेस त्यांनीं नांवच ‘कन्सर्टो फॉर कूटी’ असें दिलें. ताफ्याच्या चालकानें हाच कित्ता गिरवावा. प्रथम आपल्या खोलींत बसलेलीं माणसें मोजावीं, मग मांडणी शोधावी. नसलेल्या ट्राँबोनचा भाग टेनर सॅक्सोफोनकडे द्यावा, न पेलणारा स्वर खालच्या सप्तकांत उतरवावा. यानें पावित्र्यभंग होत नाहीं. पावित्र्यभंग होतो तो माणसास मांडणीच्या मापानें छाटल्यानें.

शेवटीं एक गोष्ट कटु असली तरी सांगितली पाहिजे. हें संगीत अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लोकांनीं निर्माण केलें, आणि तेथील विद्यालयांनीं त्यास पुष्कळ काळ दाराबाहेर ठेविलें. टेक्सासमधील डेंटन येथील महाविद्यालयांत १९४७ सालीं या विषयाची पदवी सुरू झाली, तेव्हांहि तिच्या नांवांत ‘जॅझ’ हा शब्द नव्हता. ‘नृत्याचा ताफा’ असें सोंवळें नांव तिला घ्यावें लागलें. आतां दार उघडलें आहे. परंतु एलिंग्टन, बेसी, मेरी लू विल्यम्स यांचें एकहि पान न वाजवितां मूल चार वर्षें ‘जॅझ-ताफ्यांत’ काढून बाहेर पडत असेल, तर संगीतास घरांत घेऊन त्याच्या धन्यास अंगणांत उभें केलें, असेंच म्हणावें लागेल.

पालकांनीं शिक्षकांशीं भांडावें, असें आम्ही सुचवीत नाहीं. बहुतेक शिक्षक थोड्या वेळांत व थोड्या पैशांत पुष्कळ करीत असतात. पालकांनीं इतकेंच करावें : कार्यक्रमाहून परततांना बक्षीस कितवें मिळालें हें विचारण्याआधीं मुलास त्याचा भाग गुणगुणावयास सांगावें. तें गुणगुणलें, तर मांडणी चांगली निवडली होती. गप्प राहिलें, तर टाळ्या कितीहि पडलेल्या असोत, त्या दिवशीं पेल्यांत दूध नव्हतें.