आवाज वाढवण्याआधी स्पीकर उंचावर ठेवा

सातारा असो की सांगली, झुंबा आणि एरोबिक्सचे वर्ग आता गल्लोगल्ली भरतात. व्यायाम उत्तमच, पण अनेक ठिकाणी स्पीकर जमिनीवरच ठेवलेला असतो आणि माझा आक्षेप त्याला आहे.

शब्द स्पष्ट करणारा वरच्या पट्टीतला आवाज पुढच्या रांगेतल्या लोकांच्या अंगावरच अडतो. मागच्यांना सूचना कळत नाहीत, मग आवाज वाढवला जातो. त्याची किंमत पुढच्यांचे कान मोजतात. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालतो. दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत.

उपाय साधा आहे. स्पीकर स्टँडवर, सगळ्यांच्या डोक्यांच्या थोडा वर ठेवा, तोंड किंचित खाली वळवा. स्टँडचे पाय पूर्ण उघडा, वायर चिकटपट्टीने बसवा. मग कमी आवाजातही मागच्यांना नीट ऐकू येते.

वर्गानंतर कानात शिट्टी वाजते किंवा दडे बसतात? हा इशारा समजा. दुसऱ्या दिवशीही त्रास राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. फी तुम्ही भरता, तेव्हा स्टँड मागायला संकोच कसला?