वाचनाच्या दारावरचे बिननावाचे कुलूप

लातूर-नांदेडकडच्या आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी विमानतळाचे आतले दालन पाहिले असेल. आम्हीही गेल्या उन्हाळ्यापर्यंत पाहिले नव्हते. आमच्या गावच्या लोहाराचा मुलगा, आमच्याच हाताखाली बाराखडी शिकलेला, आता बेंगळुरूस नोकरीला आहे. त्याने हट्टाने आम्हांस बोलाविले आणि परतताना विमानात बसविले. उड्डाणास अवकाश होता, म्हणून तो आम्हांस तेथील लाउंजमध्ये घेऊन गेला. बँकेचे कार्ड दाखविले की गाद्यांच्या खुर्च्या, उपमा, चहा आणि फुकट वायफाय, असा तेथील थाट. आम्ही त्यास म्हणालो, “बस, तुला एक गंमत दाखवितो. जुन्या मराठी पुस्तकांचे एक मोठे कपाट इंटरनेटवर सर्वांस खुले ठेविलेले आहे.” मोबाइलवर नंबर घातला, आलेला आकडा भरला, वायफाय सुरू झाले. परंतु कपाट काही उघडेना. पडद्यावर एवढेच आले की हे पान या ठिकाणी पाहता येत नाही.

मुलगा हसला. “गुरुजी, थांबा,” म्हणून त्याने वायफाय बंद केले, स्वतःच्या सिमचे इंटरनेट लाविले, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुस्तके समोर आली. आम्हीही हसलो आणि विसरून गेलो.

विसरलेली गोष्ट दोन महिन्यांनी पुन्हा आठवली. आमच्या शाळेतून गेलेली एक कुंभाराची मुलगी लातुरात राहून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करीत होती. महिनाअखेर आली होती, रिचार्ज संपला होता, म्हणून ती एका सार्वजनिक जागी फुकट वायफायवर अभ्यास करीत बसली होती. त्या जागेचे नाव आम्ही घेत नाही. स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगासंबंधीचे एक पान तिला पाहावयाचे होते. ते उघडेना. तिने आम्हांस फोन केला आणि म्हणाली, “सर, माझा मोबाइलच जुना आहे, त्यालाच येत नसेल.”

हे वाक्य आमच्या मनाला लागले. पान कोणी तरी अडविले होते आणि दोष ती स्वतःला देत होती! ज्याच्या खिशात कार्ड होते, त्याच्या दृष्टीने ती अडवणूक म्हणजे उंबरठ्यावरची काडी होती. ओलांडून तो पलीकडे गेला. जिच्या खिशात रिचार्जचे पैसे नव्हते, तिच्या दृष्टीने ती दगडी भिंत होती. एकच कुलूप श्रीमंतास खेळणे आणि गरिबास तुरुंग, असे होते ते येथे.

आता हे कुलूप घालतो कोण, हे आमच्या वाचकांस समजून घ्यावे लागेल. कुलपे तीन प्रकारची आहेत.

पहिले सरकारचे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याच्या कलम ६९-अ अन्वये देशाची सुरक्षितता, सार्वजनिक शांतता इत्यादी ठराविक कारणांकरिता केंद्र सरकार एखादे पान बंद करण्याचा हुकूम देऊ शकते. २०१८ साली असे २,७९९ हुकूम पानांवर झाले, २०२० साली ९,८४९. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात हे कलम वैध ठरविले, पण ते अशासाठी की त्यात कारणे लेखी नोंदविण्याचे आणि समितीपुढे विचार होण्याचे बंधन आहे. मात्र २००९ च्या नियमांतील सोळावा नियम म्हणतो की हे सारे गुप्त ठेवावे. म्हणजे कारण लिहावयाचे, पण ज्याचे वाचन बंद झाले त्यास दाखवावयाचे नाही!

दुसरे कुलूप न्यायालयाचे. २०१७ च्या ऑगस्टात मद्रास उच्च न्यायालयाने चित्रपटांच्या चोरट्या प्रती थांबविण्याकरिता अडीच हजारांहून अधिक संकेतस्थळांची यादी बंद करविली. त्या यादीत इंटरनेट आर्काइव्ह हे जगाचे फुकट ग्रंथालयही गेले. चोर होता चित्रपटाचा आणि बेड्या पडल्या ग्रंथालयाला. हल्याला रोग आणि पखालीला डाग, ही म्हण आमच्या आजोबांनी उगाच केली नाही. पण तेव्हा निदान हुकूम कोणाचा हे शोधता आले, बोभाटा झाला आणि ग्रंथालय पुन्हा उघडले.

तिसरे कुलूप वायफाय लावणाऱ्या मालकाचे. आमचा खरा झगडा याच्याशी आहे. हा मालक कोणी कंपनीवाला असतो, हॉटेलवाला असतो, कधी एखादी संस्था असते. तो एका दुसऱ्या कंपनीकडून गाळणी विकत घेतो. त्या कंपनीने जगातील संकेतस्थळांचे गट पाडून ठेविलेले असतात: जुगार, अश्लील, हत्यारे, चर्चेची ठिकाणे, चित्रपट इत्यादी. मालक नको त्या गटापुढे खूण करितो आणि मोकळा होतो. मग तुम्ही एखाद्या पानाचे नाव टाकिले की प्रथम त्या नावाचा पत्ता विचारला जातो. टपालवाल्यास घर विचारावे तसेच हे आहे. यादीतले नाव असेल तर टपालवाला म्हणतो, “असे घरच गावात नाही.” घर जागेवर असते, दिवा जळत असतो, पण तुम्हांस मात्र ते नाही.

या गाळणीला माणसाची अक्कल नसते. ती पुष्कळदा अक्षरे पाहते, अर्थ पाहत नाही. इंग्लंडात स्कन्थॉर्प नावाचे एक गाव आहे. १९९६ साली तेथील लोकांस एका मोठ्या अमेरिकन इंटरनेट कंपनीत नाव नोंदविता येईना. कारण गावाच्या इंग्रजी नावाच्या पोटात एक शिवी दडलेली होती, आणि यंत्राने सारे गावच शिवी ठरविले. कुंभाराच्या मुलीचेही बहुधा असेच झाले असावे. रोगाच्या नावातले एक अक्षर पाहून यंत्राने वैद्यकाचे पान अश्लील ठरविले. सुक्याबरोबर ओले जळते ते असे.

येथे कोणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही मुलांना वाटेल ते पाहू द्या म्हणता काय? मुळीच नाही. आम्ही वर्गात चाळीस मुले सांभाळतो. काय दाखवावे आणि काय झाकावे हे आम्हांस कळते. मोबाइलवरील पैशाच्या खेळांनी शेतकऱ्यांची तरणीताठी पोरे कर्जात गेलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. त्या खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. तो कायदा छापलेला आहे, कोणीही वाचावा, पटत नसेल तर न्यायालयात जावे. पुष्कळ माणसे एकाच वायफायवर बसली असता कोणी सिनेमा लावून इतरांचा वेग खाऊ नये म्हणून मालकाने सिनेमा बंद ठेविला, तरीही आमची तक्रार नाही. फक्त तसे सांगावे. कुलूप घालू नये असे आमचे म्हणणे नाही. कुलपावर घालणाराचे नाव असावे आणि किल्ली कोठे मागावी हे लिहिलेले असावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आमच्या मराठवाड्याला वाचनबंदी नवी नाही. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत येथे निजामाचा अंमल होता. सभा घ्यावयाची तर परवानगी, खासगी शाळा काढावयाची तर परवानगी, आणि इंग्रजी मुलखातून येणाऱ्या कित्येक मराठी पत्रांस हद्दीवर मज्जाव. आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर बंदी आली, तेव्हा त्यांनी नावे बदलून पत्र चालू ठेविले. ते लढू शकले, कारण बंदी कोणाची आणि कशावर हे त्यांस ठाऊक होते. आजच्या गाळणीची बंदी अशी की ज्यावर ती पडते त्यास ती बंदी आहे हेच कळत नाही. निजामाचा शिपाई पत्र हिसकावून घेई. हे यंत्र म्हणते, पत्र आलेच नव्हते. शत्रू दिसला तर माणूस काठी उचलतो. न दिसला तर आपलेच नशीब फुटके म्हणून घरी बसतो. ज्या घरांत पहिल्यांदाच अक्षर शिरले आहे, त्या घरांतील मुले तर अशी सहज माघारी फिरतात.

फुकट वायफाय ही गरिबाला केवळ चैनीची वस्तू आहे, असेही कोणी समजू नये. २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रल स्थानकावर रेल्वेने रेलटेल व गूगल यांच्यामार्फत फुकट वायफाय सुरू केले. पुढे गूगल त्यातून निघाले, तरी रेल्वेचे वायफाय हजारो स्थानकांवर पोहोचले. २०१८ साली केरळातील एर्नाकुलम स्थानकावरच्या एका हमालाने त्याच वायफायवर, डोक्यावर ओझे आणि कानात धडे अशा रीतीने, अभ्यास करून राज्य लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण केली. त्याच्या धड्यावर एखाद्या यंत्राने चुकीची खूण केली असती तर? तो बिचारा ओझे उचलून पुढे गेला असता आणि कोणाला पत्ताही लागला नसता. सातबारा, पीकपाहणी, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, सारे आज याच वाटेने येते. डिसेंबर २०२० पासून केंद्र सरकारच्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदार वा चहावालाही परवान्याशिवाय वायफाय देऊ शकतो. तेव्हा हा प्रश्न विमानतळापुरता राहिला नाही. तो आपल्या गावच्या पारावर येऊन ठेपला आहे.

आणि हा हक्क आम्ही मनाने काढलेला नाही. केरळात कोझिकोड जिल्ह्यातील एका वसतिगृहात मुलींस संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल वापरण्यास बंदी होती. एका विद्यार्थिनीने ती मानली नाही आणि ती न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने सांगितले की इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारास बजाविले की इंटरनेट बंद करण्याचे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे लोकांस त्यांविरुद्ध दाद मागता येईल. सगळे इंटरनेट बंद करावयाचे तर हुकूम उघड हवा. मग त्यातले एक एक पान बंद करणारास गुपचूप राहण्याची मुभा का असावी? सरकारला जे बंधन, ते खुर्च्या-गाद्या मांडून बसलेल्या वायफायवाल्यास नको काय?

म्हणून आमचे म्हणणे चार गोष्टींत सांगतो. एक: जेथे सार्वजनिक वायफाय आहे तेथे मराठीत पाटी असावी की कोणत्या प्रकारची पाने येथे बंद आहेत आणि ती कोणी बंद केली. दोन: बंद पान उघडू गेल्यास “पान सापडत नाही” अशी थाप मारू नये, “बंद केले आहे” असे खरे सांगावे. कायद्याने अडविलेल्या पानाकरिता इंटरनेटच्या जाणकारांनी ४५१ हा खुणेचा आकडाच ठरवून ठेविला आहे; तो वापरावा. तीन: तक्रार कोठे करावी ते तेथेच लिहावे, आणि तक्रार यंत्राने नव्हे, माणसाने पाहावी. चार: आरोग्य, शिक्षण, शेती व सरकारी कामकाज यांची पाने कोणत्याही गाळणीत माणसाने पाहिल्यावाचून अडकू नयेत.

आता वाचकांनी काय करावे? आपल्या मुलाचे वा मुलीचे पान एखाद्या ठिकाणी उघडले नाही, तर प्रथम मोबाइलला आणि पोराला दोष देऊ नका. तेच पान दुसऱ्या कोणाच्या सिमवर उघडून पाहा. तेथे उघडले तर समजा की वाटेत कोणी बसले आहे. दिवस, वेळ, जागा आणि पानाचे नाव वहीत लिहून ठेवा. जागा सरकारी असेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज करा आणि विचारा की येथे गाळणी कोणाची आहे, यादी कोणी केली. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही दहा रुपये लागत नाहीत, आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. ग्रामपंचायतीने वायफाय घेतले असेल तर ग्रामसभेत उभे राहून विचारा. नळाला पाणी का नाही हे आपण विचारतोच ना? मग पानाला वाट का नाही हेही विचारले पाहिजे.

त्या कुंभाराच्या मुलीस आम्ही ते पान आमच्या मोबाइलवरून उतरवून पाठविले. तिने अभ्यास केला. पण प्रत्येक मुलीस फोन करावयास गुरुजी मिळेलच असे नाही, आणि मिळाला तरी विद्येकरिता कोणाचे तोंड पाहावे लागावे हेच मुळी आम्हांस मान्य नाही. आपल्या वाडवडिलांना दाराबाहेर उभे करणारे निदान दारात दिसत होते. आजचा दरवान दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे समजून माघारी फिरू नका. दार वाजवा, आणि आत कोण आहे ते मोठ्याने विचारा.