सुटका झाली, सोबतीचे काय?

लोद आणि रामले येथे राहणाऱ्या आमच्या बंधुभगिनींना बेन शेमेनचे अरण्य नवे नाही. सुटीच्या दिवशी पाइनच्या झाडांखाली चटई अंथरून, डबे उघडून बसलेली आमची कुटुंबे तेथे हमखास दिसतात. ह्याच अरण्याच्या कडेला, कफार दानिएल ह्या मोशावाजवळ, माकडांचे उद्यान आहे आणि त्याला लागून सुटका केलेल्या माकडांसाठी एक आश्रयस्थान उभे राहिले आहे. कोणी बेकायदा घरात पाळलेली, कोणी प्रयोगशाळेतून आलेली, अशी माकडे तेथे ठेवली जातात. मुंबईकर वाचकांस भुलेश्वरचा पांजरपोळ आठवेल. परंतु पांजरपोळात जनावराला चारा, पाणी आणि छप्पर मिळाले की काम बहुतांशी झाले असे आपण मानतो. माकडाच्या बाबतीत तसे मानता येत नाही, आणि ह्याच एका गोष्टीसाठी आम्ही आज लेखणी उचलली आहे.

माकडाला पिंजऱ्यातून बाहेर काढणे हे एका दिवसाचे काम. त्या दिवशी छायाचित्रकार येतात, वर्तमानपत्रांत चौकट येते, वाचणाऱ्यांना समाधान वाटते. पण एकांतात वाढलेले माकड मोकळ्या जागेत सोडले तरी ते मनाने पिंजऱ्यातच बसून असते. ते पुढेमागे झुलत राहते, एकाच रेषेत येरझारा घालते, स्वतःचेच केस उपटते, कधी स्वतःच्याच हाताला चावे घेते. पुष्कळदा दार उघडे ठेवूनही ते उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीत नाही. पायाखाली कधी गवत लागलेले नसते, डोक्यावर कधी आकाश नसते. अशा जीवाला केळी आणि औषधे देऊन भागत नाही. त्याला दुसरे माकड द्यावे लागते.

हे केवळ हळव्या मनाचे म्हणणे नव्हे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांचे जन्माचे आडनाव इस्राएल! ते यहुदी नव्हते. परंतु नाव यहुदी वाटते म्हणून नोकरी मिळण्यास अडचण येईल, अशा सल्ल्यावरून त्यांनी 1930 साली ते बदलले. आम्हां बेने इस्राएलांना ही हकीकत वाचून काय वाटावे ते वाचकांनी आपापले ठरवावे. ह्या हार्लोंनी लाल तोंडाच्या माकडांची पिले आयांपासून तोडली. एका बाजूला तारेची, दुधाची बाटली लावलेली ‘आई’ आणि दुसऱ्या बाजूला मऊ कापडाची, दूध नसलेली ‘आई’ ठेवली. पिले दुधापुरती तारेकडे जात आणि उरलेला सारा वेळ कापडाला बिलगून बसत. पुढे त्यांनी काही पिले जन्मापासून महिनोन्‌महिने पूर्ण एकांतात कोंडली. बाहेर काढल्यावर ती कोपऱ्यात अंग आवळून बसत, आणि त्यांच्या वयाची इतर माकडे त्यांच्यावर तुटून पडत. ही मोडलेली माकडे आता सुधारणार नाहीत, असाच समज रूढ झाला होता.

मग हार्लो आणि त्यांचे सहकारी स्टीफन सुओमी ह्यांनी एक वेगळी गोष्ट करून पाहिली. सहा महिने एकांतात काढलेल्या माकडांपाशी त्यांनी तीन महिन्यांची, नीट वाढलेली लहान पिले सोडली. इतकी लहान पिले मारामारी करीत नाहीत, ती बिलगतात. कोपऱ्यात तोंड लपवून बसलेल्या त्या दुर्दैवी जीवांना ती जाऊन बिलगली. काही महिन्यांत कोपऱ्यातली माकडे खेळू लागली; झुलणे, स्वतःला कवटाळून बसणे पुष्कळसे थांबले. 1971 साली हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. हे ज्ञान क्रूरतेच्या वाटेने मिळाले हे आम्ही लपवू इच्छीत नाही. त्या पिलांना कोणी विचारले नव्हते. परंतु मिळालेले ज्ञान टाकून देणे म्हणजे त्यांचे दुःख दुसऱ्यांदा वाया घालविणे होय. जगभरची आश्रयस्थाने आज त्याच मार्गाने जातात.

हा मार्ग मात्र धीराचा आहे. दोन अनोळखी माकडे एकदम एकत्र सोडली तर रक्त निघते. म्हणून प्रथम शेजारशेजारच्या खोल्या, मध्ये जाळी. नुसते पाहणे, हुंगणे. मग जाळीतून बोटे लागतात. एक दिवस त्यांतले एक माकड पाठ वळवून जाळीला टेकून बसते आणि पलीकडचे त्याचे केस बाजूला सारून उवा शोधू लागते. उवा असोत वा नसोत! ही माकडांची सलगी आहे. अशा वेळी त्यांच्या काळजाचे ठोके मंदावतात, असे मोजून पाहिलेले आहे. त्यानंतर मधले दार उघडतात, तेही थोड्या वेळापुरते आणि कोणी तरी नजर ठेवून. काही जोड्या जमत नाहीत. मग दुसरी सोबत शोधावी लागते. आमच्यातील विवाह जुळविणाऱ्या मावशींना ही खटपट चांगली समजेल.

2008 साली चिलीमधील सान्तियागो येथील एका प्रयोगशाळेतून 88 कापुचिन माकडे चिलीच्या हवाई दलाच्या विमानाने इंग्लंडला, डॉर्सेटमधील ‘मंकी वर्ल्ड’ ह्या आश्रयस्थानात नेण्यात आली. त्यांतील काहींनी वीस वर्षांपर्यंतचा काळ लहानशा पिंजऱ्यात एकट्याने काढला होता. वीस वर्षांनंतर कोणाला सोबत करता येईल, असे कोणालाही वाटावे. परंतु त्या माकडांचे कळप बांधले गेले, ती एकत्र राहू लागली.

आता आपल्या दोन्ही देशांकडे वळू. आमच्या ज्येष्ठ वाचकांना मुंबईच्या गल्लीत डमरू वाजवीत येणारा माकडवाला आठवत असेल. टोपी घातलेले माकड, लाल परकर नेसलेली माकडीण, सासरी जाण्याचा रुसवाफुगवा, शेवटी थाळी. गळ्यातली दोरी कोणाच्या मनात राहिली नाही. भारत सरकारने 1998 साली माकडांचे असे खेळ कायद्याने बंद केले. त्याहून मोठा व्यवहार गल्लीत दिसत नव्हता. पोलिओच्या लशीसाठी व इतर संशोधनासाठी 1950 नंतरच्या दशकात उत्तर भारतातील माकडे लाखाच्या घरात परदेशी पाठविली जात. जानेवारी 1955 मध्ये लंडनच्या विमानतळावर अशा प्रवासातील जवळपास 400 माकडे गुदमरून मेली. ही निर्यात पुढे 1978 साली, मोरारजी देसाई पंतप्रधान असताना, पूर्ण थांबली. त्या लशीने आपली मुले लुळी होण्यापासून वाचली, हेही तितकेच खरे. ऋण आहे असे आम्ही म्हणतो ते ह्या अर्थाने.

आणि इस्राएल? पेताह तिकवाजवळच्या माझोर येथे एक फार्म होता. मॉरिशसहून लांब शेपटीची माकडे आणून, त्यांची पैदास करून ती परदेशच्या प्रयोगशाळांना विकणे हा त्याचा धंदा. प्राणिमित्रांनी अनेक वर्षे निदर्शने केली, प्रकरण न्यायालयात गेले. 2013 साली तेव्हाचे पर्यावरणमंत्री गिलाद अर्दान ह्यांनी रानातून पकडलेल्या माकडांची प्रयोगांसाठी होणारी निर्यात बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. पुढे तो फार्म बंद झाला आणि तेथील कित्येक माकडे बेन शेमेनला आली.

कोणी म्हणेल, माणसांचे प्रश्न संपले काय, म्हणून आता माकडांची काळजी? ज्यांच्या आजोबांच्या नारळी-पोफळीच्या बागा अलिबाग-मुरूडकडे होत्या, त्यांना वांदरांविषयी फारसे प्रेम नसणेही आम्ही समजू शकतो. परंतु प्रश्न प्रेमाचा नाही. कोकणात लोक आम्हांस ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी आमचा घाणा बंद असे. घाणा बंद म्हणजे बैलही मोकळा. बैलाने शब्बाथ पाळावा म्हणून त्याच्यावर प्रेम करावे लागत नव्हते. दहा आज्ञांत मालकाच्या विश्रांतीबरोबर बैलाची व गाढवाची विश्रांती सांगितलेली आहे, एवढे पुरेसे होते. ज्याच्याकडून काम घेतले त्याचे देणे लागतो, हा हिशेब आपल्या वाडवडिलांना पाठ होता.

हाच हिशेब आम्हांस येथे मांडायचा आहे. ही माकडे पिंजऱ्यातही पंचवीस-तीस वर्षे जगतात. कापुचिन तर चाळिशी ओलांडतात. म्हणजे आज सुटका झालेल्या तरुण माकडाला आपली नातवंडे मोठी होईपर्यंत रोज जेवण, डॉक्टर आणि राखणदार लागणार. वर्तमानपत्रांतली चौकट एक दिवसाची. पुढची तीस वर्षे देणगीदारांच्या मर्जीवर. आमचे स्पष्ट मत असे आहे की हे ओझे दयाळू माणसांवर टाकणे अन्यायाचे आहे. ज्या संस्थेने माकड विकत घेतले, तिने घेतानाच त्याच्या म्हातारपणाची रक्कम बाजूला काढून ठेवावी आणि तसे बंधन परवान्यातच असावे. आम्ही पेन्शनवर जगणारी माणसे. ह्यात नवे असे आम्ही काही मागत नाही. अमेरिकेत 2000 साली चिंपांझींसाठी असा कायदा झाला: प्रयोगशाळेस नकोसे झालेले चिंपांझी आश्रयस्थानात ठेवावे आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा. चिंपांझी आपल्याला अधिक जवळचा म्हणून त्याला निवृत्तिवेतन आणि शेपटीच्या माकडाला देणगीची पेटी, हा भेद आम्हांस पटत नाही.

आश्रयस्थानांविषयी एक आक्षेप आमच्या कानांवर येतो, की ती नरांची नसबंदी करतात. सोबत देतात पण संसार देत नाहीत. लेकुरवाळ्या घराचे कौतुक करणाऱ्या आमच्या समाजाला हे खटकणे स्वाभाविक आहे. परंतु जी पिले रानात कधीच जाऊ शकणार नाहीत ती बंदिवासात जन्माला घालणे म्हणजे आणखी तीस वर्षांचे देणे वाढविणे. पोरकी पिले येतच असतात आणि वयस्क माद्या पुष्कळदा त्यांना पोटाशी धरतात. ह्या बाबतीत आश्रयस्थानांचे धोरण आम्हांस योग्य वाटते.

जे वाचक मुलांना घेऊन बेन शेमेनच्या उद्यानात जातील त्यांस दोन सूचना. पिशवीतली पोळी किंवा शेंगदाणे जाळीतून देऊ नयेत; तेथे प्रत्येकाचे जेवण मोजून दिलेले असते, आणि बाहेरच्या घासावरून भांडण लागले तर महिन्यांच्या श्रमाने जमलेली जोडी फुटू शकते. दुसरी सूचना मुलांना घरूनच सांगून न्यावी. माकडाने दात विचकले तर ते हसत नाही, घाबरलेले असते. आणि त्याच्या डोळ्यांत रोखून पाहणे ही त्याच्या भाषेत धमकी होय. ओठांचा चपचप आवाज काढत ते दुसऱ्याजवळ सरकताना दिसले तर मात्र तेथे थोडे थांबावे, बोलू नये आणि पाहावे.