नायक रक्ताने ठरतो की कृतीने?

८ सप्टेंबर २०२५ रोजी नेपाळमधील तरुण समाजमाध्यमांवरील बंदी आणि सत्ताधाऱ्यांचा भ्रष्टाचार यांच्या विरोधात काठमांडूच्या रस्त्यावर उतरले. त्यांच्या हातात राष्ट्रध्वजाबरोबर आणखी एक झेंडा होता. काळे कापड, त्यावर हसरी कवटी आणि कवटीच्या डोक्यावर गवती टोपी. दुसऱ्या दिवशी सिंहदरबार जळत होता तेव्हा त्याच्या फाटकावरही हाच झेंडा होता. त्याआधी ऑगस्टमध्ये इंडोनेशियातील लोकांनी स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर घरांवर आणि ट्रकांवर तो लावला, तेव्हा तिथले सत्ताधारी पुढारी संतापले. हा झेंडा कोणत्याही पक्षाचा नाही. तो ‘वन पीस’ या जपानी चित्रकथेतील चाच्यांचा आहे.

चित्रकथा म्हणजे पोरांची करमणूक, तिच्यावर वर्तमानपत्राची जागा कशाला खर्च करायची, असे म्हणणारे आपल्यातही असतील. परंतु एइचिरो ओडा यांची ही कथा १९९७ पासून चालू आहे आणि तिच्या पन्नास कोटींहून अधिक प्रती छापल्या गेल्या आहेत. आपल्या घरातली मुलेही मोबाईलवर ती बघतात. शूर कोणाला म्हणायचे, हे ती मुले कुणाकडून शिकत आहेत, याची चौकशी आपण करायला नको काय?

या कथेत ‘दिव्य ड्रॅगन’ म्हणवणारा एक वर्ग आहे. आपल्या पूर्वजांनी जगाचे शासन स्थापन केले, एवढेच त्यांचे कर्तृत्व. सामान्य माणसांच्या श्वासाची हवा आपल्याला लागू नये म्हणून ते डोक्यावर काचेसारखा पारदर्शक फुगा घालून फिरतात. ते माणसे विकत घेतात आणि त्यांच्या अंगावर डागणी देऊन गुलामीची खूण उमटवतात. विटाळाची कल्पना जन्मश्रेष्ठत्वाच्या पोटातूनच येते, हे जपानच्या चित्रकाराने एका फुग्यातून सांगितले आहे. आपल्या वाचकाला ते वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या वर्गाच्या राजधानीवर चालून जातो तो फिशर टायगर. तो मत्स्यमानव आहे, म्हणजे माणसांनी हीन ठरवलेल्या जमातीचा. उभा डोंगरकडा नुसत्या हातांनी चढून तो वर जातो आणि गुलामांना मोकळे करतो. मोकळे करताना हा आपला आणि तो परका असा भेद तो करत नाही. ज्या माणसांच्या जातीने त्याच्या लोकांना विकले, त्या जातीच्या गुलामांच्याही बेड्या तो तोडतो. पुढे आपल्या साथीदारांच्या अंगावरील गुलामीच्या डागावर तो सूर्याचे चिन्ह उमटवतो. मग जे कधीच गुलाम नव्हते तेही तेच चिन्ह धारण करतात. परिणामी कोण गुलाम होता आणि कोण नव्हता हे कुणालाच ओळखता येत नाही. शासनाच्या दप्तरी मात्र टायगर हा अट्टल गुन्हेगार ठरतो. त्याला पकडायला निघालेल्या नौदल अधिकाऱ्यांच्या झग्यावर पाठीमागे ‘न्याय’ हा शब्द लिहिलेला असतो. कायद्याचा गणवेश घातला म्हणजे न्याय झाला असे नसते, हे न्यायालयात वावरणारा कोणताही वकील मान्य करील.

टायगरचा अंतही विचार करायला लावणारा आहे. तो जखमी होतो, त्याला रक्त हवे असते आणि जहाजावर माणसाचे रक्त उपलब्ध असते. तो ते नाकारतो आणि मरतो. भोगलेल्या अपमानाची चीड त्याच्या विवेकापेक्षा मोठी ठरते, हे त्याला स्वतःलाही कळते. पुढच्या पिढीला हा द्वेष देऊ नका, असेच तो मरताना साथीदारांना सांगतो. अनेक वर्षांनी कथेचा नायक लुफी मत्स्यमानवांच्या बेटावर रक्तबंबाळ होऊन पडतो. माणसांना रक्त देऊ नये असा त्या बेटाचा जुना कायदा. टायगरचाच साथीदार जिंबे तो कायदा मोडतो आणि स्वतःचे रक्त लुफीला देतो. ज्याला बाटलेले म्हटले गेले ते रक्त नायकाच्या अंगात वाहू लागते. नायकत्वाची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही.

परंतु सगळ्याच जपानी कथा इतक्या सरळ नाहीत. मासाशी किशिमोतो यांची ‘नारुतो’ (१९९९ ते २०१४) घ्या. सुरुवातीला नारुतो हा गावाने टाकलेला अनाथ पोरगा आहे. आईबाप आपल्या मुलांना त्याच्यापासून दूर ठेवतात. अशा मुलाने गावाचा प्रमुख होण्याचे स्वप्न पाहावे यातच बंड आहे. नेजी नावाचा मुलगा त्याला सांगतो की माणसाचे नशीब जन्माने ठरलेले असते. नेजी स्वतः कुळाच्या धाकट्या शाखेत जन्मलेला असतो. थोरल्या शाखेची चाकरी करण्यासाठी त्याच्या कपाळावर लहानपणीच मुद्रा उमटवलेली असते. नारुतो त्याला हरवतो आणि त्याचा नशीबवादही हरवतो. वाचक टाळ्या वाजवतो.

पुढे काय होते? नारुतो हा गावच्या चौथ्या प्रमुखाचा मुलगा निघतो. नंतर तर तो एका महापुरुषाच्या पुत्राचा पुनर्जन्म असल्याचे सांगितले जाते. म्हणजे नेजीचेच म्हणणे खरे ठरले! रॉक ली हा मुलगा केवळ मेहनतीच्या जोरावर उभा राहिलेला, जन्मजात विद्या नसलेला. तो हळूहळू कथेच्या कडेला जातो. आपल्या पुराणांची हीच रीत आहे. दीनदुबळा वाटणारा नायक शेवटी राजकुळातला निघाला की प्रस्थापित व्यवस्थेचा जीव भांड्यात पडतो. ‘वन पीस’ही या दोषातून पूर्ण सुटलेली नाही. लुफीचा बाप मोठा क्रांतिकारक आणि आजोबा नौदलातला नामांकित योद्धा, असे तिथेही आहेच.

हा जन्माचा प्रश्न जपानमध्ये केवळ कल्पनेतला नाही. तिथल्या सरंजामशाहीने काही लोकांना ‘हिनिन’, म्हणजे माणूस नसलेले, ठरवले होते. १८७१ मध्ये फर्मान काढून हे भेद रद्द झाले, पण बुराकू वस्त्यांमधील त्यांच्या वंशजांचा छळ थांबला नाही. ३ मार्च १९२२ रोजी त्यांनी क्योतो येथे सुइहेइशा ही संघटना स्थापन केली. १९७५ मध्ये बुराकू वस्त्यांची नावे असलेल्या याद्या कंपन्यांना गुपचूप विकल्या जात असल्याचे उघड झाले. नोकरी मागणाऱ्याचे कूळ तपासण्यासाठी त्या वापरल्या जात. सानपेई शिरातो यांनी १९६४ पासून ‘गारो’ मासिकात ‘कामुई देन’ ही चित्रकथा काढली. तिचा नायक कामुई हिनिन वस्तीतच जन्मलेला आहे आणि त्याला कुठलाही राजघराण्यातला बाप सापडत नाही. जपानी चित्रकथेला ही वाटही माहीत होती, हे विसरता कामा नये.

तिसरे उदाहरण मला वकील म्हणून सर्वांत महत्त्वाचे वाटते. हिरोमु अराकावा या लेखिकेची ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ (२००१ ते २०१०). तिच्यात रॉय मस्टँग या अधिकाऱ्याला ‘इश्वालचा वीर’ म्हणतात. इश्वाल हा सावळ्या रंगाच्या, वेगळ्या धर्माच्या लोकांचा प्रदेश. तिथे लष्कराने केलेल्या नरसंहारात मस्टँगने असंख्य माणसे जाळलेली असतात आणि त्याबद्दलच हा किताब मिळालेला असतो. पण मस्टँग आणि त्याची सहकारी हॉकआय यांनी मनाशी एक ठरवलेले असते. देशात लोकशाही आणायची. ती आली की हे सगळे ‘वीर’ युद्धगुन्हेगार म्हणून न्यायासनासमोर उभे राहतील, हे त्यांना माहीत असते, आणि तरीही ते त्यासाठीच झटतात. आपल्यालाच शिक्षा करू शकेल अशी व्यवस्था उभारणारा नायक किती कथांमध्ये भेटतो?

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातील भक्तीविषयी इशारा दिला होता. विभूतिपूजेचा शेवट हुकूमशाहीत होतो, हे त्यांनी स्पष्ट बजावले होते. जो उत्तरदायी नाही तो कितीही शूर असला तरी लोकांचा नायक होऊ शकत नाही. हाच निकष झेंडा घेऊन निघालेल्या तरुणांनाही लावावा लागेल. नेपाळमध्ये सत्तरहून अधिक माणसे मेली. गोळ्या झाडण्याचा हुकूम देणाऱ्यांना जाब द्यावाच लागेल. पण ९ सप्टेंबरला तिथले सर्वोच्च न्यायालयही जाळले गेले, गोरगरिबांच्या खटल्यांचे कागद राख झाले. त्याला शौर्य म्हणता येणार नाही.

तरीही एक गोष्ट आशादायक आहे. सरकार कोसळल्यानंतर त्या तरुणांनी कुणा वीरपुरुषाचे नाव पुढे केले नाही. त्यांनी माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांचे नाव सुचवले आणि १२ सप्टेंबरला त्यांनी हंगामी सरकारची सूत्रे हाती घेतली. चाच्यांचा झेंडा घेऊन निघालेल्या पोरांना शेवटी न्यायाधीशच हवी होती. आपली मुले या चित्रकथा वाचत असतील तर त्यांच्या हातातून त्या हिसकावू नका. शेजारी बसा आणि विचारा, हा नायक कुणाचा मुलगा म्हणून मोठा आहे, की त्याने कुणासाठी काय केले म्हणून?