सामाईक दुर्बीण

कॅसल रॉक, कुंभारवाडा, अणशी या बाजूच्या गावांत पावसाळा सरल्यावर अमावास्येच्या रात्री अंगणात उभे राहावे, म्हणजे आकाशगंगेचा पांढुरका पट्टा डोंगराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरलेला दिसतो. पुण्या-मुंबईच्या किंवा बंगळूरच्या आमच्या भाऊबंदांनी तो बहुधा पुस्तकातल्या चित्रातच पाहिलेला असतो. त्यामुळे सुटीत जोयडा तालुक्यातील मूळ घरी आलेली मुले हटकून एक प्रश्न विचारतात : इतके काळेभोर आकाश येथे असताना मोठी दुर्बीण येथे का नाही? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शोधू लागले की आकाशापेक्षा जमिनीवरच्या गोष्टीच अधिक हाती लागतात.

पहिले उत्तर सोपे आहे. प्रकाशाच्या दुर्बिणीला अंधार हवा, पण त्याहून कोरडी व निवळ हवा अधिक हवी. आपल्याकडे ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत आकाश दिसत नाही, आणि दिसू लागले तरी काळी नदीच्या खोऱ्यातले धुके पहाटे सारे झाकून टाकते. म्हणून भारतीय ताराभौतिकी संस्थेने आपली दोन मीटर व्यासाची दुर्बीण लडाखमधील हानले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर नेली. गंमत अशी की तेथे थंडीत कुडकुडत बसावे लागू नये म्हणून ती दुर्बीण चालविली जाते ती आपल्याच कर्नाटकातून, बंगळूरजवळच्या होसकोट्याहून, उपग्रहाच्या साहाय्याने!

परंतु दुर्बिणीचा दुसरा एक प्रकार आहे, त्याला ढगांचे वावडे नाही. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण दिवसा पाहते, रात्री पाहते आणि भर श्रावणातही पाहते. तिला अंधार नको, शांतता हवी. कानांची नव्हे, रेडिओ लहरींची. अशी जगातील एक अग्रगण्य दुर्बीण पुण्याच्या उत्तरेस सुमारे ऐंशी किलोमीटरवर, नारायणगावाजवळ खोडद येथे उभी आहे. जुन्नर, शिवनेरी आणि तमाशाच्या राहुट्या यांमुळे हा मुलूख मराठी माणसाला ठाऊक असतोच. मात्र जगभरचे शास्त्रज्ञ त्याला ओळखतात ते जी. एम. आर. टी. या अक्षरांनी, म्हणजे ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ या नावाने.

ही एक दुर्बीण म्हणजे प्रत्यक्षात तीस ताटल्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. आपल्या हिशेबाने एका ताटलीचे तोंड पंधरा-सोळा गुंठ्यांचे, आणि तिसांचे मिळून जवळजवळ बारा एकरांचे. चौदा ताटल्या मध्यभागी किलोमीटरभराच्या परिसरात दाटीने आहेत. उरलेल्या सोळा इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन फाट्यांवर शेतांच्या मधून दूरवर गेल्या आहेत, इतक्या की सर्वांत लांबच्या दोन ताटल्यांमध्ये पंचवीस किलोमीटरांचे अंतर पडते. सर्वांचे संकेत ऑप्टिकल फायबरच्या तारांतून एका इमारतीत येतात, तेथे संगणक त्यांची एकमेकांशी सांगड घालतात, आणि मग तीस ताटल्या मिळून पंचवीस किलोमीटर रुंद अशा एकाच डोळ्याइतके बारीक पाहू शकतात.

एवढी प्रचंड ताटली पत्र्याची केली असती तर तिच्या वजनाने आणि खर्चाने प्रकल्प बसला असता. गोविंद स्वरूप यांनी पोलादी दोरांच्या ताणावर बारीक तारेची जाळी बसविण्याची युक्ती काढली. जाळीतून वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका चालतो. आणि रेडिओ लहरींची लांबी जाळीच्या छिद्रांहून पुष्कळ मोठी असल्याने त्या मात्र आरपार न जाता परावर्तित होतात. स्वरूप यांनी १९६५ साली मुंबईजवळ कल्याणला ऑस्ट्रेलियातून आलेल्या लहानशा ताटल्या उभारून या विद्येचा श्रीगणेशा केला, १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी केली, आणि मग खोडदला हात घातला. सप्टेंबर २०२० मध्ये एक्क्याण्णवाव्या वर्षी ते गेले. आपल्या देशात जे साहित्य आणि जी मजुरी मिळते तिच्यातून जगाला हेवा वाटेल असे काही उभे करता येते, हे त्यांनी बोलून नव्हे, करून दाखविले.

आता मुख्य विषयाकडे येऊ. दुर्बीण उभी राहते तेव्हा समारंभ होतात, छायाचित्रे छापून येतात. पण ती पुढे तीस-तीस वर्षे कोण वापरणार, कोणाला केव्हा मिळणार, तिची डागडुजी कशी व्हायची, आणि ती जुनी झाली म्हणजे काय करायचे, हे प्रश्न खरे अवघड. ज्यांच्या घरी सुपारीची बाग आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको. पाटाचे पाणी एक, बागा दहा. ज्याची पाळी मध्यरात्री येईल त्याने मध्यरात्री कंदील घेऊन उठायचे, आणि पाट फुटला तर पाळी कोणाचीही असो, फावडे सर्वांनी घ्यायचे.

खोडदची व्यवस्था थेट अशीच आहे. दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची. परंतु २००२ पासून ती जगातील सर्वांना खुली आहे. वर्षाचे दोन हंगाम केलेले आहेत, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. प्रत्येक हंगामाआधी अर्ज मागवितात. कोणता तारा किंवा कोणती दीर्घिका पाहायची, का पाहायची, किती तास लागतील, हे अर्जदाराने सांगायचे. जाणकारांनी ते तपासायचे. आणि एका समितीने तास वाटून द्यायचे. मागणी नेहमीच उपलब्ध तासांहून अधिक असते, त्यामुळे पुष्कळांना नकार येतो आणि पुष्कळांना मागितल्यापेक्षा कमी मिळते. अर्जदार कोणत्या देशाचा, कोणत्या मोठ्या विद्यापीठाचा, यावर पाळी ठरत नाही. आकाशात एखादा तारा अकस्मात फुटला तर त्याच्यासाठी ठरलेला क्रम मोडून वेळ देण्याचीही सोय आहे. आणखी एक नियम आम्हांला फार आवडला. मिळालेली निरीक्षणे अर्जदाराकडे अठरा महिने खाजगी राहतात, त्यानंतर ती सर्वांसाठी खुली होतात. पाण्यावर हक्क आहे, पण साठवून ठेवण्याचा नाही.

पुण्याने याच्या उलट चित्रही पाहिलेले आहे. १८८८ च्या सुमारास कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात वेधशाळा उभारली. तिच्यातील वीस इंची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. माणूस मोठ्या योग्यतेचा. १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी जेऊर येथून घेतले. पण सारा डोलारा त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर होता. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. पुण्याच्या मुलांना मोठ्या दुर्बिणीसाठी पुढे कित्येक दशके थांबावे लागले.

हे मनात असल्यामुळेच की काय, जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये आयुकाची स्थापना केली तेव्हा तिच्या नावातच ‘आंतरविद्यापीठ’ हा शब्द होता. नारळीकर कोल्हापुरात जन्मले आणि बनारसला वाढले, म्हणजे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे मराठी घर त्यांचे. लहान विद्यापीठातील प्राध्यापकालाही दुर्बिणीची पाळी मिळावी म्हणून आयुकाने २००६ मध्ये जुन्नरच्या बाजूला गिरवली येथे दोन मीटरची प्रकाशीय दुर्बीण सुरू केली. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले, त्या दिवशी अनेक गावांतील भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना घरचे माणूस गेल्यासारखे वाटले असेल.

आता डागडुजी आणि नूतनीकरण. हा भाग आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि वर्तमानपत्रांत त्याचाच सर्वांत कमी उल्लेख असतो. खोडदची दुर्बीण सुरू झाली तेव्हा ती १५०, २३३, ३२७, ६१० अशा ठरावीक मेगाहर्ट्झांच्या आसपासच, आणि एका वेळी फार तर ३२ मेगाहर्ट्झांचा अरुंद पट्टा ऐकू शके. जणू घराला चार-पाच झरोके आणि मधली सारी भिंत. दहा-बारा वर्षांत जगातील इतर दुर्बिणी पुढे सरकल्या. नव्या ताटल्या उभारण्याइतका पैसा नव्हता आणि गरजही नव्हती. ताटल्या उत्तम होत्या. बदलायचे होते ते ताटलीच्या केंद्राशी बसविलेले ग्राहक, त्यांच्यामागची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, ताटल्या फिरविणाऱ्या मोटारी, फायबरची जोडणी आणि शेवटी सांगड घालणारे संगणक. म्हणजे सांगाडा तोच, आतले डोळे-कान नवे.

पण हंगाम तर चालूच होते. अर्जदार रांगेत उभे होते. चार-पाच वर्षे दुर्बीण बंद ठेवली असती तर कित्येक विद्यार्थ्यांचे प्रबंध अडले असते. जुन्या घरांची शाकारणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढची युक्ती चटकन कळेल. पावसाळ्याआधी घर शाकारताना कोणी बिऱ्हाड बाहेर काढीत नाही. एका पाख्याची कौले उतरवायची, वासे बदलायचे, पुन्हा कौले चढवायची, तोवर चूल दुसऱ्या पाख्याखाली पेटती ठेवायची. खोडदला नवी यंत्रणा जुनीच्या शेजारी, तिला धक्का न लावता बसवीत नेली. एकेक ताटली तयार झाली तशी ती नव्या जोडणीत घेतली. २०१६ पासून काही ताटल्या आणि काही पट्टे वापरणाऱ्यांना उघडून दिले, आणि पुढील दोन-तीन वर्षांत काम पुरे केले. यशवंत गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली झालेले हे काम बव्हंशी येथल्याच अभियंत्यांनी केले.

फळ काय मिळाले? आता सुमारे १२० पासून १,४५० मेगाहर्ट्झांपर्यंत जवळजवळ सलग ऐकू येते, आणि एका वेळी ४०० मेगाहर्ट्झांचा पट्टा घेता येतो. संवेदनक्षमता तिपटीपर्यंत वाढली. पूर्वी ज्या वेधाला सारी रात्र लागे तो आता तासाभरात उरकतो, म्हणजेच तेवढ्याच पाण्यात जास्त बागा भिजतात. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे ‘स्कियापारेली’ हे यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संकेत खोडदने टिपला; यान आपटून नष्ट झाले, परंतु शेवटच्या क्षणांपर्यंतची ती कुजबुज पृथ्वीवर प्रथम येथे ऐकली गेली. २०२३ च्या जूनमध्ये विश्वात सतत घुमणाऱ्या अतिमंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा जगातील निरनिराळ्या गटांनी मांडला. त्यांतील युरोपीय गटाबरोबर भारतीय व जपानी शास्त्रज्ञ होते, आणि त्यांच्या नोंदी खोडदच्या नव्या यंत्रणेच्या होत्या.

आता शांततेची किंमत. चंद्रावर कोणी चालू मोबाईल ठेवला तर खोडदच्या दुर्बिणीला तो आकाशातील अतितेजस्वी वस्तूंपैकी एक भासेल, इतक्या क्षीण लहरी ती ऐकते. मग शेजारच्या गावातील मनोरे, विजेच्या खांबावरील सैल जोडणीतून उडणारी ठिणगी, यांचा तिला किती त्रास होत असेल! त्यामुळे आसपास कारखाने उभारण्यावर बंधने आहेत. पुणे-नाशिक जलदगती रेल्वेचा आखलेला मार्ग या परिसरातून जात होता. दुर्बिणीस बाधा येईल म्हणून तो बदलण्याचे रेल्वे मंत्रालयाने २०२४-२५ मध्ये सांगितले, आणि नारायणगाव-जुन्नरच्या लोकांत नाराजी पसरली. ती नाराजी आम्हांला अज्ञानाची वाटत नाही. जोयडा तालुक्याला तर ती सहज समजावी. तालुक्याचे मूळ ठाणे सुपे काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले. त्या धरणाची वीज राज्यभर पोहोचली; गाव मात्र सुप्याच्या लोकांनी दिले. वेधाचे तास वाटताना समिती जगातील अर्जदारांचा विचार करते. खोडदचा शेतकरी अर्ज करीत नाही, पण त्याचा वाटा या दुर्बिणीत आहेच. तो कोणत्या रूपाने त्याच्या पदरात पडावा, रोजगाराच्या, शाळेच्या की दुसऱ्या एखाद्या रस्त्याच्या, हे ठरविणे शासनाचे काम आहे, आणि ते रेंगाळू नये.

केंद्राकडून एक गोष्ट मात्र नियमाने होते. दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदला विज्ञानमेळा भरतो आणि खेड्यापाड्यांतील मुले हजारोंनी येतात. जोयड्याहून अंतर बरेच आहे. पण पुण्याला नातेवाईक असलेल्या आमच्या वाचकांनी मुलांची सुटी त्या सुमारास साधता आली तर अवश्य साधावी, आणि जाताना मोबाईल बंद ठेवावा.

ज्यांना जाता येणार नाही, त्यांच्यासाठी खुल्या झालेल्या निरीक्षणांचे भांडार आहेच. ‘रॅड अ‍ॅट होम’ नावाचा उपक्रम २०१३ पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना या दुर्बिणीने घेतलेल्या आकाशाच्या प्रतिमा वाचावयास शिकवितो. त्यासाठी इंटरनेट आणि चिकाटी लागते. दांडेली किंवा जोयड्याच्या महाविद्यालयात विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींनी चौकशी करून पाहावी.