दिव्याखालची रोपे

घरात दिव्याच्या उजेडावर रोपे वाढविणे हे श्रीमंतांचे खूळ आहे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. वर्षापूर्वी मलाही तसेच वाटत होते. आज माझे मत बदलले आहे. ते का बदलले, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या अंगाला एका चाळीत राहतो. भोवती टॉवर उभे राहिले आणि दाराशी येणारे ऊन अर्ध्या तासावर आले. आजीच्या तुळशीने दोन पावसाळ्यांत दोनदा मान टाकली. आई एका टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर कामाला जाते. तेथे जांभळ्या दिव्यांखाली ‘बेसिल’ लावले आहे. त्याचे एक पान आईने आणले. आजीने ते चुरगळून हुंगले आणि म्हणाली, “अगं, हा तर आपला सब्जा!”

आजीचे खरे होते. फालुद्यात घालतात तो सब्जा म्हणजे याच वनस्पतीचे बी. मी वाण्याकडून दहा रुपयांचा सब्जा आणला, आजीने वाळवलेल्या मंजिऱ्या दिल्या आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत दोन्ही पेरले. वर वीस वॅटची साधी पांढरी ट्यूब. झाडाला लागणारा तांबडा व निळा उजेड तिच्यातही असतो. जांभळ्या दिव्यावाचून अडत नाही. पहिल्या खेपेला ट्यूब आढ्याशीच राहिली. रोपे उजेडाच्या शोधात उंच, किडकिडीत झाली आणि कोलमडली. दुसऱ्या खेपेला ती वीतभर अंतरावर आणली, तेव्हा रोपांनी अंग धरले.

तसे पाहिले तर घरात बी उगवणे आपल्याला नवे नाही. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत आपण धान्य पेरतोच. ते पिवळे का, हा प्रश्न मात्र आपण विचारीत नाही. दाण्यातल्या शिदोरीवर अंकुर वाढतो, पण नंदादीपाचा मंद उजेड पानात हिरवेपण भरण्यास पुरत नाही. नऊ दिवसांपुरते ते शोभते. पुढे जगायचे तर उजेड हवा.

बाबांचा आक्षेप लाईटबिलाचा होता. मी हिशेब मांडला: वीस वॅट, रोज चौदा तास, महिन्याला साडेआठ युनिटांच्या आत. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, “एक महिना बघू.” कोथिंबिरीच्या जुडीसाठी हा खर्च मुळीच परवडणार नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते. पण पहिले तीन-चार आठवडे रोप सांभाळण्यापुरता तो जड नाही. दिवा ही दाई आहे, आई सूर्यच. आमची तुळस सशक्त झाल्यावर गल्लीच्या तोंडाशी, उन्हात नेली. ती आज तेथे उभी आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की ही विद्या चौदाव्या मजल्यावर अडकून राहू नये. झेंडूचे बी जुलैअखेर पेरले तर सुमारे दोन महिन्यांत, दसऱ्याच्या आसपास फुलते. त्या दिवसांत मुसळधार पावसात कोवळी रोपे झोडपली जातात. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेने महाविद्यालयाच्या एखाद्या अंधाऱ्या खोलीत दोन ट्यूब लावाव्यात आणि महिन्याने रोपे अंगणात आणावीत. दसऱ्याचे तोरण आपले आपण करू.

एक बोच मात्र राहतेच. ज्यांच्या वाटचे ऊन उंच इमारतींनी घेतले, त्यांनीच उजेडाचे बिल भरावे, हा कुठला न्याय? इमारतींचे नकाशे मंजूर करताना शेजारच्या बैठ्या घराच्या उन्हाचा विचार व्हावयास नको काय?

त्या ट्यूबखाली एका बाजूला डबे असतात, दुसऱ्या बाजूला माझी पुस्तके. आमच्या घरात महाविद्यालयात गेलेली मी पहिलीच. आता रात्री दहाला बाबा ट्यूब बंद करायला उठतात आणि विचारतात, “रोपांचं झालं, तुझं झालं का?”

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला